थकलेल्या नसा

माह्या लाडक्या गुणवंता,

परवा दिग्रसच्या बसस्टँडवर मले छातीत दाटून आलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, वयानं रक्ताच्या नसा कडक झाल्या. त्यातून रक्त ढकलता ढकलता हृदय थकून राह्यलं."

गोळ्या सुरू झाल्या. पोरांले सांगितलं नाही; तुलेही सांगणार नव्हतो. पण तू माह्याहून दोनच वर्षांनी लहान. जिना चढताना मधातच थांबतं अन् म्हणतं, "ताई, चप्पल निसटली." ते खोटं मले आता समजलं.

पत्र वाचून तू हसशीन अन् ठेवून देशीन. म्हणून हे टाकत नाही. उद्याच्या बसनं पांढरकवड्याले मीच येतो. लहानपणी शाळेत नेलतं, तसंच हात धरून तुले दवाखान्यात नेतो.

तुयी,
शेवंताताई