वरच्या घराची आरोळी

प्रिय निसा,

फणस यंदा इतका लगडलाय की कोंबड्यांना झाडावर बसायला जागा उरलेली नाही. दिवस मावळताना त्या बांबूच्या शिडीवरून एकामागून एक चढतात, आणि ती म्हातारी ठिपकेवाली मध्येच थांबून सगळ्यांचा खोळंबा करते. सगळ्या वर गेल्या की मी शिडी काढून घेतो. खोडाला ठोकलेला पत्रा अजून शाबूत आहे. उदमांजर त्यावर नखं घासून हात हलवत परत जातं, घोरपडीचंही तेच. रात्रीचा बंदोबस्त माझा आणि दिवसाचा तुझ्या आईचा, ही वाटणी आमच्या लग्नापासूनची. तिच्या मते माझं काम अगदीच सोपं, कारण पत्र्याला डुलकी लागत नाही.

दिवसाचा चोर आभाळातून येतो. तुला आठवतं ना, अंगणात भात पसरताना तिची मान खाली असायची, तरी पलीकडच्या डोंगरावर टिंबाएवढी घार दिसली की ती ओरडायची, ‘घाऽऽर! घाऽऽर!’ मग खालच्या घरातून एस्ताकिया ओरडायची, तिच्या खालून उर्बानो, आणि आरोळी अशी घराघरांतून उतरत ओढ्यापर्यंत जायची. घार डोक्यावर येईतो टेकडीवर एक पिल्लू उघड्यावर नसायचं. आपलं घर सगळ्यात वर, म्हणून पहिली आरोळी आपली. खालचे लोक आभाळाकडे बघतच नसत, कान आपल्याकडे लावून कामं करत. तू उखळावर चढून आईच्या आवाजात आवाज मिसळायचीस. उर्बानो म्हणायचा, ‘वरच्या घरानं दोन भोंगे बसवलेत!’ मी एकदाच ओरडलो, तर ते विमान निघालं. सगळ्या टेकडीनं पिल्लं झाकली आणि मला पुढं वर्षभर ‘वैमानिक’ म्हटलं. फार छान दिवस होते गं ते. आता तर घशाच्या दुखण्यापासून माझा आवाज आपल्या डुकरांच्या खोपटापर्यंतही पोचत नाही.

भातकापणीच्या सुमारास एक गोष्ट घडली, ती तुला कळवायची राहून गेली. मी ओढ्यावर होतो. घार आपल्या अंगणावरून गेली. तुझी आई अंगणातच होती, तोंड वर करून उभी होती, पण ओरडली नाही. वरून आरोळी आली नाही म्हणून खाली सगळे निर्धास्त. एस्ताकियाची पिल्लं गेली, उर्बानोचं बदकाचं पिल्लूही गेलं. मी धापा टाकत वर आलो. म्हटलं, आता एस्ताकिया पदर खोचून भांडायला येणार. ती आली खरी, पण हातात गुळातल्या चिकट भाताचा वाडगा घेऊन. तासभर बसली, सुनेच्या कागाळ्या केल्या आणि गेली. पिल्लांचा एका शब्दानं उल्लेख नाही. निसा, ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एस्ताकिया स्वतः आभाळावर नजर ठेवते. पण घार दिसली तरी ओरडत नाही. खालून तुझ्या आईला हाक मारते, ‘पुरिंग, आभाळ कसं आहे गं? कपडे वाळतील का?’ बाहेर रणरणतं ऊन असतं! हाक आली की लगेच तुझी आई, ‘घाऽऽर!’ मग एस्ताकिया जणू आत्ताच कळल्यासारखी ओरडते, तिच्या खालून उर्बानो. मी गोठ्याआड तोंड लपवून हसतो, आणि हसता हसता डोळे भरून येतात.

तुझी आई आता कोंबड्या हाताने चाचपून ओळखते. सुईत दोरा मला ओवायला लावते आणि म्हणते, ‘हल्ली सुयाच वाईट येतात.’ शेवटी बाजाराचं निमित्त करून मी तिला शहरात डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसरा लवकर शस्त्रक्रिया केली तर वाचेल. परतताना जीपमध्ये ती म्हणाली, ‘मी तिथे पडलेली, तू माझ्या उशाशी. वर कोण?’ मी म्हटलं, एस्ताकिया आहे ना. तर म्हणते, ‘ती? ती कपडेच वाळवत बसेल.’ म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं कळत होतं. कुणाचं मन मोडू नये म्हणून ती इतके दिवस हाकेला ओ देत होती.

डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातला दिवस दिलाय आणि ती हटून बसली आहे. काल शेंगा सोलताना आपणहून म्हणाली, ‘निसाला बोलाव. तिला दिसतंही आणि तिचा आवाजही ओढ्यापर्यंत जातो. ती असेल तर मी जाईन. पण डोळ्यांचं काही लिहायचं नाही, पोर मनिलात एकटी रडत बसेल. कोंबड्यांना तुझी आठवण येते, एवढंच लिही.’ आयुष्यभर मी तिचं ऐकत आलो, एवढं मात्र ऐकलं नाही. कारखान्यात रजा माग आणि मिळेल त्या बोटीनं ये, पोरी. मला भीती वाटते. आणि अंगणात पाऊल टाकलंस की तिच्या डोळ्यांकडे बघू नकोस. कोंबड्यांसाठी आले, असं म्हण.

तुझाच बाप,
ताताय