परसबागेची माती

गुरुजी,

तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. आता मी सोलापूरजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि आजकाल घरी आलो की बूट काढायचाही कंटाळा येतो. तरी लिहायला बसलोय, कारण गोष्ट मातीची आहे आणि माती बघायला तुम्हीच शिकवलं होतं.

मी चौथीत होतो. शाळेच्या वाफ्यासाठी तुम्ही प्रत्येकाला पाटीभर माती आणायला सांगितलीत. मी ओढ्याकाठची आणली. तुम्ही मूठभर माती घेतलीत, पाणी शिंपडलंत, लाडू वळून अंगठ्यानं दाबलात. लाडू फुटला नाही, नुसता चिकट चेपला. "जवळ हुती म्हणून आणलीस, व्हय?" एवढंच विचारून तुम्ही पाटी परत ओतून यायला लावलीत. मग भर उन्हात स्वतः बरोबर आलात आणि बांधाकडेची वरची वीतभर माती उकरून दाखवलीत. बारीक मुळ्यांनी भरलेली, लाडू वळावा आणि बोट लावताच भुगा व्हावा अशी.

यंदा आमच्या शाळेत परसबाग करायची ठरली. पोरांच्या खिचडीत मेथी-पालक पडावा म्हणून. आवारात सगळा मुरूम, त्यामुळे विटा रचून गुडघ्याएवढे चार वाफे उभे केले. ट्रॅक्टरवाल्यानं काळीकुळकुळीत माती आणून टाकली. ढेकळांवर कुठं कुठं पांढरा खार फुटलेला. मला तो दिसला होता, गुरुजी. खिचडी शिजवणाऱ्या मावशी जवळच्या कुंभारी गावाहून येतात. त्यांनीही एक ढेकूळ फोडून सांगितलं की ही उसाच्या पाणथळ रानातली दिसते, हिच्यात काही उगवायचं नाही. मी म्हणालो, असू द्या, आता परत कुठं पाठवायची. खाली वाकून मूठभर हातात घ्यायचंही त्राण नव्हतं.

पोरांनी हौसेनं मेथी पेरली. वरची माती दगडासारखी आवळली, पाणी नुसतं साचून राहायला लागलं. चार-दोन कोंब आले ते पिवळे पडून गेले. तेवढ्यात साहेब तपासणीला आले आणि वाफे मोकळे का, म्हणून त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की पाणी घालायचं काम मावशींकडं होतं, वेळेवर झालं नसावं. साहेबांनी त्यांना बोलावून पोरांसमोर सुनावलं. मावशी पळी हातात धरून उभ्या होत्या. दुपारी पातेली घासताना, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, पाणी मी रोज घातलं हुतं की."

मी मान हलवली आणि ऑफिसात जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी एकट्यानंच चारही वाफे रिकामे केले. हाताला फोड आले, कंबर दोन दिवस सरळ होईना. मग तीन-चार रानं हिंडलो, प्रत्येक ठिकाणी माती ओली करून वळून पाहिली, आणि एका माळाकडेच्या रानातली वरची वीतभर माती तेवढी उचलून आणली. त्यात कुजलेलं शेणखत मिसळलं. मावशी वाफ्यांवरून जाताना त्यांना दाखवली. त्यांनी तळहातावर चुरली, "ही बरी हाय" म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला गेल्या. तीन-चार आठवड्यांत मेथी काढायला आली. खिचडीत पडली त्या दिवशी पोरांनी पुन्हा पुन्हा ताटं पुढं केली.

साहेब परत आले. वाफे बघून त्यांनी माझं कौतुक केलं, आता लक्ष दिलेलं दिसतंय म्हणाले. मावशी आतच वाढत होत्या. मी आभार मानले. त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो.

हे पत्र धाडायचं नाहीच. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, गुरुजी. मावशी रोज साडेनऊला येतात. माझ्या खोलीपासून त्यांची चूल दहा पावलांवर आहे, आणि मला अजून तिथवर जाता आलेलं नाही.