डावीकडे वळणारा सांधा

प्रिय लोर्ना,

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली दडपून ठेवलं होतं, कालपर्यंत फोडलंच नाही. वर तुझ्या सागरी खात्याच्या ऑफिसचा शिक्का. पोरीनं बापाला लिहायचं तर साधं तिकीट लावावं, सरकारी शिक्का कशाला? मला वाटलं, हिला माझ्या तोंडून कुणाचं तरी नाव काढून घ्यायचंय. रागावू नकोस. संशय घेणं हा माझा स्वभावच, आणि यंदा तो सगळ्या बंदराला लागलाय.

मे महिन्यात तो मेलेला देवमासा आपल्या कोल्बी कोव्हच्या किनाऱ्याला लागला, तेव्हापासून इथे कुणी कुणाशी धड बोलत नाही. शेपटीला पिंजऱ्याचा दोर आवळलेला, दोरावर जांभळी खूण. म्हणजे दोर आपल्याच राज्यातला. पण जांभळा रंग तुम्ही सगळ्यांनाच लावायला लावलात, मग त्यातून माणूस कसा कळणार? माणूस कळतो दोराच्या वरच्या टोकाला तरंगणाऱ्या बोयाच्या रंगावरून, आणि बोया तर तुटून गेलेला. दोराची दोन टोकं गुंफून केलेल्या सांध्याचा फोटो तुमच्या लोकांनी धक्क्यावर चिकटवला. मी बघायला गेलो नाही. सरकारी कागद दिसला की मी मान फिरवतो, तुला ठाऊक आहे.

फोटो न बघताही नाव ठरलं होतं. विनलकाका तुझा. तो सगळ्यात लांबच्या पाण्यात शेवंडांचे पिंजरे टाकतो, आणि गेल्या हिवाळ्यात त्यानं तुमच्या माणसांना होडीवर घेऊन, देवमासे अडकू नयेत म्हणून काढलेले ते बिनदोराचे पिंजरे वापरून पाहिले. एवढं पुरे झालं. दुकानवाली बर्निस कॉफी ओतता ओतता म्हणाली, “मारला त्यानंच, आणि आपल्यावर बोट दाखवायला साहेबांनाही त्यानंच आणलं.” मीही मान डोलावली. म्हटलं, “अकरा वर्षं माझ्या होडीवर होता. आतल्या गाठीचा माणूस आहे.” हे बोलताना मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग सभा झाली. तुमच्या त्या तरुण बाईंनी समुद्र कसा राखावा ते सांगायला सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, “बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून आम्ही शेवंडाची गाभोळीची मादी सापडली की शेपटीला खाच मारून पाण्यात सोडतो. खाच दिसली की दुसराही तिला सोडतो. आम्हाला शिकवू नका.” सगळ्यांनी बाकं बडवली. विनलनं नाही बडवलं. तेही माझ्या मनात राहिलं.

आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. माणूस नकोसा झाला की त्याच्या बोयाच्या दांड्याला दोन वेढ्यांची गाठ मारायची. तोंडानं काही बोलायचं नाही. त्यानं समजून घ्यायचं, नाहीतर पुढच्या वेळी दोर कापले जातात. जूनमध्ये विनलच्या बोयाला ती गाठ पडली. ती मी मारली. पंधरा दिवसांनी कुणीतरी त्याच्या दोरांपैकी चाळीस कापले आणि पिंजरे तळाशी गेले. कुणी कापले ते मी विचारलं नाही. गाठ मारणाऱ्यानं कुठल्या तोंडानं विचारावं?

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण. तो नुसता माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, “एमरीदादा, बोटं अजून आखडतात का हो थंडीत?” एवढंच, आणि गेला. मी बर्निसला सांगितलं, “बघ, चोराच्या मनात चांदणं. नजरेला नजर देत नाही.” आता गुरुवारी त्याच्या परवान्याची सुनावणी आहे. परवाना गेला तर साठीच्या माणसानं करायचं काय? दुसरं काही त्याला येत नाही. मला तरी कुठे येतं?

काल दुपारी पाकीट फोडलं. म्हटलं, बघू तर खरं, पोरगी कुणाला अडकवतेय. आत तोच फोटो, आणि मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ: ‘बाबा, हा सांधा डावीकडे वळतो.’ चष्मा लावला आणि सांध्याचे पेड बोटानं मोजत गेलो. तू नऊ वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या पायरीवर मी तुला दोर गुंफायला शिकवलं. तू उजव्या हाताची, तरी तुझा सांधा डावीकडे वळतो, कारण शिकवणारा डावखुरा. विनलचाही तसाच वळतो, तोही माझ्याच होडीवर शिकला. पण फोटोतल्या सांध्याच्या टोकाला लाल मेणदोरा गुंडाळलाय. ते रीळ तुझ्या आईनं आणलेलं, आणि ते माझ्याच डब्यात आहे. विनलनं फोटो पाहिला त्या दिवशीच ओळखलं असणार. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. चाळीस पिंजरे गेले तरी बोलला नाही.

तुम्ही दोरात कच्चा तुकडा घालायला सांगितला होता, देवमासा अडकलाच तर तुटावा म्हणून. जानेवारीच्या वादळात ते तुकडे तुटून माझे नऊ पिंजरे गेले. तेव्हा चिडून मी सगळे तुकडे काढले आणि दोर हातानं सांधले. कुणाला सांगितलं नाही. माझा सांधा सुटत नाही, याचा मला आयुष्यभर गर्व. त्या देवमाशानं किती ओढलं असेल. फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलंय, मादी होती, पोटात पिल्लू होतं. सत्तावन्न वर्षांत गाभोळीची एक मादी मी घरी आणली नाही, लोर्ना. हे पत्र गुरुवारी सगळ्यांसमोर वाच, बापाचं म्हणून दाबून ठेवू नकोस. लाल रीळ सोबत पाठवतोय. विनलच्या बोयाची गाठ सोडायला मी आत्ता निघतोय, पण आधी त्याचं दार वाजवणार आहे.

तुझाच, तू ओळखलेला,
बाबा