परागचा शून्य

२ डिसेंबर, सोमवार
नोकरी लागली बाप्पा! लग्न होऊन भिलाईले आली तेव्हापासून घरात बसून जीव विटला होता. जवळच्या कुम्हारी गावात भट्ट्यांचे हिशोब करणारं लहानसं ऑफिस आहे. भट्टी तापवाले किती उष्णता लागते ते सॉफ्टवेअर काढते, पण त्याले आधी सांगा लागते का शून्य कुठून धरायचा. घराची उंची रस्त्यापासून मोजायची का अंगणापासून, तसंच. नरेश सर म्हणाले, सारे पंचवीस अंशांवर धरतात, तूही धर. माझ्याआधीच्या ललिताताईनं सदतीस ठेवलं होतं अन् त्या नोंदीले आपल्या नवऱ्याचं नाव दिलं होतं, देवराव. मले हसूच आलं. पंचवीस केलं अन् देवराव खोडून पराग टाकलं. आपला नवरा काय कमी आहे का!

३ डिसेंबर
पराग रेल्वेच्या ड्युटीवरून आला. चहा देताना बोटं लागली, गारेगार. स्वेटर घातला, शेगडीजवळ बसवला, तरी तसाच. तो थट्टा करते, म्हणते आता उन्हाळ्यात कूलर घ्याचं काम नाही.

५ डिसेंबर
वैशाली नगरच्या डॉक्टरनं परागच्या कपाळावर ताप मोजायची मशीन धरली. पंचवीस. जित्या माणसाचं अंग सदतीस असते, मशीन बिघडली म्हणाले, दुसरी आणली. पंचवीस. सकाळच्या थंडीत बाहेर आलो तर माझ्या तोंडातून वाफ निघून राहिली होती, त्याच्या नाही. मले भेव लागलं. त्याले सांगितलं नाही.

६ डिसेंबर
शेजारच्या टेबलवरच्या मोनाले सारं सांगितलं. तिचा चेहराच उतरला. ललिताताईचा देवराव सोमवारी गेला म्हणे, बसल्या बसल्या थंड पडला. मी कामाले लागली त्याच दिवशी. सरांनी ताईले काढलं तेव्हा ती जाताना मोनाले एवढंच बोलली होती: "माह्या देवरावले हात लावू देऊ नको कोणाले."

अन् मी हसली होती. देवा, काय करून बसली मी.

परागच्या नावापुढे सदतीस केलं, लगेच फोन लावला. म्हणाला, आत्ताच अंगात जीव आल्यासारखं वाटलं. मी तिथंच रडली.

९ डिसेंबर
माझे आकडे कोणाशीच जुळेनात. बाकीच्यांचा शून्य पंचवीसवर, माझा सदतीसवर. ग्राहक बोंबलला. सरांनी साऱ्या कॉम्प्युटरवर पंचवीस करून पासवर्ड टाकला. मी पाया पडली. त्यांले वाटलं पोरगी येडी झाली. समजावून म्हणाले, "शून्य कुठंही धर बेटा, फरक तेवढाच राहते."

नाव तरी खोडा म्हटलं. ते गाडीत बसून रायपूरले गेले.

पराग फोन उचलत नाही—

९, सायंकाळ
घरी. खाटेवर पडला आहे. ओठ निळे. श्वास आहे, थोडासा. ॲम्ब्युलन्स येऊन राहिली म्हणतात, कधीची.

गरम वस्तूची ऊब गार वस्तूत जाते. त्याले कोणाचा पासवर्ड लागत नाही.

रजईत शिरली. छाती त्याच्या छातीले लावून पडली आहे. तो पंचवीस, मी सदतीस—

एका हातानं लिहून राहिली. त्याचे ओठ लाल होऊन राहिले. खरंच लाल—

डोळे उघडले त्यानं. म्हणाला, "किती गार आहेस तू." सरक म्हणते. ढकलून राहिला मले—

नाही सरकणार. अजून थोडं. पेन धरवत ना—