क्लबमधली माझी खुर्ची

डेटन, शनिवार, ९ मार्च १९७४

अर्नेस्टीन बाळा, आईचा आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवतेस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. गुडघे सोडले तर माझं बरं आहे. चर्चचं छत गळतंय आणि पाद्रीबुवा अजून त्याच्यावरच प्रवचन देतायत. तुझ्या भावाची नवी तबकडी रेडिओवर लागते. शेजारीण म्हणाली, "तुमचा अल्व्हिन मोठा झाला हो!" म्हटलं, "त्याची बेलबॉटम पँट झालीय मोठी, तीही खालून."

तू बँड सोडलास, तेव्हापासून तुझे वरचे सूर त्याची पोर रोंडा गाते. अल्व्हिन म्हणतो, "आपल्या टॉलिव्हरांचा एक गळा गेला की घर पडलं." घर म्हणे! व्हॅनमध्येच जेवायचं, व्हॅनमध्येच भांडायचं.

मलाही नेतात. पोर सोळाची, बाप स्वतः वाजवण्यात; घरातलं दुसरं मोठं माणूस समोर बसलेलं नसेल तर क्लबवाले तिला स्टेजवर चढू देत नाहीत. म्हणून स्पीकरशेजारी माझी खुर्ची. बास वाजली की कवळी हलते. लोक नाचतात, मी राखण करते. पोरीला कोणी नेऊ नये म्हणून, की तिनं पळू नये म्हणून, कोण जाणे.

परवा गाताना तिच्या घशातून रक्त आलं. रुमालात लपवत होती. डॉक्टर म्हणाला, उन्हाळा संपेपर्यंत गाणं बंद, नाहीतर आवाज कायमचा गेला. अल्व्हिन म्हणतो, "मध दे, आई. शिकागोचा कार्यक्रम झाला की बघू." म्हटलं, "मेल्या, तू रक्त ओक, मग तुला देते मध." हसला. म्हातारी बडबडते आणि व्हॅनमध्ये चढते, हे त्याला ठाऊक. आजवर चढलेच की.

आज चढले नाही. दार आतून लावलंय. बाहेर भोंगा वाजतोय, तो ओरडतोय, "आई, तुझ्याशिवाय तिला आत घेणार नाहीत!" मला काय ठाऊक नाही? म्हणून तर बसलेय. माझ्याशेजारी बसलेली रोंडा कुजबुजली, "आजी, बाबा चिडलेत." म्हटलं, "चिडू दे. तू तोंड मिट."

येत्या शनिवारी दुपारच्या बसने तिला तुझ्याकडे क्लीव्हलंडला पाठवतेय. उतरवून घे. गायला लावू नकोस, भांडी घासायला लाव. तिचा बाप तुझ्या दारी येईल, रडेलसुद्धा. चांगला रडतो तो. तू दार उघडू नकोस.

माझी काळजी नको. मला इथे त्याच्यापाशीच राहायचंय.

तुझी, आणि त्याचीही,
आई