दूर्वांतला कुत्रा आणि रताळ्यातली अळी

नेकनूर, भाद्रपद वद्य पंचमी

चि. बंकट यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू एस.टी.ने पाठवलेलं पोतं पोचलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दूर्वा मुळांसकट, रताळी पाच किलो (दोन नासकी निघाली, ती गाईनं खाल्ली), टमाट्याची रोपं, तीही वाटेतच माना टाकलेली, आणि तुझ्या वळणदार अक्षरातला एक कागद. हमाली आठ आणे, कंडक्टरचा चहा पंधरा पैसे. दूर्वा आणि रताळी फुकटात पडली. कागद मात्र महाग पडला, आणि तो कसा, हे सांगायलाच आज दुपारची झोप मोडून बसले आहे.

तुझ्या मंडळींची कंबर आता कशी आहे? तिळाचं तेल कोमट करून चोळावं. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे विहिरीला पाणी नाही, आभाळात ढग नाही, बाकी गणरायाची कृपा.

तर कागदाचं. तू कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतोस, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बहिणीला रताळं पाठवताना त्याचं कूळ, गोत्र आणि ग्रीक नाव कशाला पाठवावं? हे सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून आपलं टपाल-पार्सल सोसायटीच्याच पत्त्यावर येतं. नेमकी त्या दिवशी मिलोची वाटणी होती (हा सरकारी लाल धान्याचा प्रकार तुमच्याकडेही असेलच, भाकरी थापताना तुटते आणि खाताना तुटत नाही). सगळं गाव पिशव्या घेऊन रांगेत. चेअरमन मोहनरावांना वाटलं, चाऱ्याचा सरकारी नमुना आला, म्हणून त्यांनी पोतं सर्वांसमक्ष सोडलं. त्यांचा चष्मा नवा आहे, त्यामुळे ते दिसेल ते मोठ्यानं वाचतात. दूर्वा म्हणजे सायनोडॉन, ग्रीक भाषेत कुत्र्याचा दात. रताळं म्हणजे आयपोमिया, अळीसारखं. टमाटं म्हणजे लायकोपर्सिकॉन, लांडग्याचं फळ.

गणपतीची पूजा करणारा धोंडीराम गुरव रांगेत तिसरा होता. तो म्हणाला, "आन् ह्ये बाप्पाला व्हायचं? कुत्र्याचे एकवीस दात?" मोहनराव म्हणाले, "मी कुठं म्हणतो, ग्रीक म्हणतंय." पोतं घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. परवा टँकरवर पाणी भरायला गेले तर एकीनं विचारलं, "काय वो, लांडग्याची चटणी केली का न्हाई?"

आता तूच सांग, आपण तरी काय वेगळं करतो? गोकर्णीला गाईचा कान म्हणतो, अश्वगंधेला घोड्याचा वास लावतो, उंदीरकानी तर सरळच उंदराची. माळावरच्या उटकटारीत आपल्या लोकांना उंट दिसला, आणि तू मागे लिहिलं होतंस तसं, ग्रीकांना साळिंदरासारखं काहीतरी दिसलं. काटे तेच, टोचतातही तसेच. हे सगळं मी सासूबाईंना समजावलं. दूर्वांची मुळंही दाखवली. कोंबाला खरंच दातासारखे पांढरे खवले असतात, इतकी वर्षं वाहते आहे, कधी लक्ष गेलं नाही. दूर्वांचं त्यांना पटलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणजे कुत्रं देवाघरचंच, असा निकाल देऊन त्यांनी स्वतः जुडी वाहिली. गुरवानंही मग हात जोडले.

अडलं ते रताळ्यावर. "अळीचं नाव घेतलेलं माझ्या तोंडात जाणार न्हाई," म्हणाल्या, आणि विषय संपला. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, त्यांचे उपास तुला ठाऊक आहेत. साबुदाणा आपल्याला परवडत नाही. मिलो उपासाला चालतं की नाही हे कुठल्या पोथीत नाही. राहिलं रताळं. पूर्वी मी मोठं त्यांना वाढत असे आणि धाकटं मला (मला गोड सोसत नाही, असं मीच सांगून ठेवलेलं होतं, ते धाकटंही बहुधा मुलांकडेच जाई). आता त्यांचं ताटात तसंच राहतं. उकडलेलं अन्न टाकायचं कसं? म्हणून मी बसते आणि संपवते. काल संकष्टी होती. पूजेवरून उठताना त्यांनी भिंत धरली. पंचाहत्तरीचं शरीर, नुसत्या पाण्यावर किती दिवस निघणार? मी फार थकले आहे रे. दुष्काळाशी भांडता येतं, ग्रीकांशी कुठे भांडू?

आणखी काय लिहू. यापुढे रताळी पाठव, नावं पाठवू नकोस.

तुझी अक्का

ता. क. खरं काम राहिलंच. सासूबाईंच्या नावानं एक कार्ड टाक. पुस्तकात छपाईची चूक होती, आयपोमिया म्हणजे अळी नव्हे, शेषनाग, असं लिही. लांबट आणि वळवळणारा तोही आहेच, तेव्हा फार खोटं होणार नाही. जे काही पाप लागेल ते निम्मं माझ्या नावावर धर.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायला खळ करायला गेले, तर परसात सासूबाई शेजारच्या साखराबाईला सांगत होत्या, "अळी कशाची गं. साठ वर्सं रताळी खाल्ली, त्यातल्या अळ्या काढून खाल्ली. पर ह्या पोरीच्या गालाची हाडं वर आली. खा म्हणलं तर खाती व्हय? वाया चाललंय म्हणलं की गपगुमान खाती. बंकटचा ग्रीक लई कामाला आला बघ."

खळ करपली. दुसरी करावी लागली.

तेव्हा कार्डात नुसतं शेष लिहून भागणार नाही. रताळं हा शेषाचा प्रसाद असून एकच रताळं मोडून सासूसुनेनं एका ताटात, एकाच वेळी निम्मं निम्मं खावं, नाहीतर दोघींचाही उपास फळत नाही, असं ग्रीकांत सांगितलं आहे, हे ठळक अक्षरात लिही. मोहनराव रांगेसमोर वाचतीलच. सोमवारच्या आत पोचेल असं उलट टपाली धाड. रताळी नऊच उरली आहेत, पण मोडली की अठरा होतात.