वस्तीची विहीर

१८ ऑगस्ट, सोमवार
पूजाचे डोळे पिवळे! सकाळी आमच्या विहिरीवर पाणी शेंदत होती, उन्हात तोंड वर केलं आणि मला दिसलं. शेजारच्या अंबूबाईंची सून, नववा लागलाय. "जेवण जात नाय ताई, नुसतं मळमळतं. दिवस भरत आल्यावर असंच असंल." असंच नसतं! तिच्या नवऱ्याला, गोरक्षला हाक मारली — आजच्या आज डॉक्टरकडे ने. रिक्षा बघायला पळाला तो.

१९ ऑगस्ट
कावीळच. नाशिकला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गरोदरपणी ही कावीळ वाईट, म्हणे.
वस्तीत आणखी चौघं पडलेत. सगळे गोदावरीला शिव्या देतात — शहराची घाण, पाणवेली, तो वास. खोटं नाही. सायखेड्याच्या पुलाखाली नदी दिसतच नाही, हिरवं रान दिसतं. दादा, माझे सासरे, तर ओरडूनच सांगत होते, "नदीचं ढोरांनाबी पाजू नका. माझ्या विहिरीचं न्या. लय गोड पाणी हाय." तरुणपणी स्वतः खणलेली विहीर त्यांची. संध्याकाळी रांग लागली.

२१ ऑगस्ट
सहावीला भूगोल. फळ्यावर जमिनीचा काप काढला. वर माती, मग मुरूम, खाली काळा खडक. पावसाचं पाणी मुरतं, खडकावर अडतं, उताराने सरकत विहिरीत येतं. विहीर काढली. मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून वरच्या अंगाला घर काढलं. आमचं आहे तसंच. घरामागे नवा संडास. त्याचा शोषखड्डा —
खडू हातातच राहिला.
साईच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा बांधला तो. माती मऊ लागली म्हणून माझ्या नवऱ्याने, शेखरने, तिथेच खणला. मी तिथे उभी होते. भूगोल शिकवणारी!
आणि मी बाळंतपणापासून उकळलेलंच पिते. साई अंगावर पिते म्हणून.

२३ ऑगस्ट
आरोग्य केंद्रातून तपासणीची बाटली आणून विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं.
काळी पडली. म्हणजे मैला आहे पाण्यात.

२४ ऑगस्ट
दादांना सांगितलं. आधी हसले. मग उठून विहिरीत डोकावले. "म्हंजी मी पाजलं व्हय त्यांना?"
शेखर म्हणाला, "खड्ड्याचं बाहेर बोलू नको. पूजा बरी होऊन येऊ दे, मग बघू."
मी पोहऱ्याचा दोर काढून टाकला. घरोघर फिरले — विहिरीचं पिऊ नका, उकळल्याशिवाय कुठलंच पिऊ नका. "नदीचं उतरलं असंल विहिरीत," बायका म्हणाल्या.
मी मान हलवली. हो म्हणून!

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
पूजा गेली. मुलगी वाचली.

३१ ऑगस्ट
अंबूबाईंच्या ओट्यावर माणसं जमली होती. नदीसाठी मोर्चा न्यायचं चाललं होतं. गोरक्ष भिंतीला टेकून बसलेला. "नदीनं खाल्ली माझी पूजा." एवढंच बोलत होता, पुन्हा पुन्हा.
दादा उठले. मला वाटलं, घरी निघाले.
"नदीनं नाय रे पोरा. माझ्या विहिरीनं."
मग सगळं सांगितलं. खड्डा, उतार, काळी बाटली. मी पुढे झाले, म्हटलं, मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, खरं कारण मीच दडवलं. शेखर खाली मान घालून उभा होता.
गोरक्ष दादांच्या अंगावर धावून आला. हात उगारला, आणि तसाच खाली बसला. काय रडला तो!
अंबूबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "घरी जा, चिमाजी."
भाऊजी म्हणायच्या त्या दादांना. आजवर कधी नाव घेतलं नव्हतं.

४ सप्टेंबर
आमच्याशी कोणी बोलत नाही. वस्तीला टँकर येतो. मी गेले की बायका गप्प होतात. आमचा झेंडू शेतातच सुकतोय. तोडायला कोणी येत नाही.
खड्डा उपसून झाला. दादा पहारीने त्याच्या विटा फोडताहेत. शेखरला हात लावू देत नाहीत. दुपारी बळेच दोन घास खाल्ले.

८ सप्टेंबर
पूजाचं बाळ घरी आणलंय. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतं. पावडरचं दूध टिकत नाही, ओकून टाकते म्हणे.
ती तिकडे रडली की इकडे माझा ब्लाउज भिजतो. साई पोटभर पिऊन झोपलेली असते तरी.
जावं का? कोणत्या तोंडाने जाऊ?

९ सप्टेंबर
सकाळी दारात अंबूबाई. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.
"पाज."